कशावरून? : मुलांना खडक शिकवताना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी सारे आयुष्य शाळेतल्या मुलांना शिकवण्यात घालवले. त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी शिकवण्याबद्दलच बोलणार आहे. विषय साधा आहे: मुलांना खडक, खनिजे आणि खडकचक्र कसे शिकवावे. मी भूशास्त्राचा शिक्षक. या विषयावर माझे जे मत बनले आहे ते आधीच सांगून टाकतो. खडकाचे नाव मुलाला शेवटी सांगावे, पुरावा आधी दाखवावा; आणि तो पुरावा त्याच्या स्वतःच्या गावातल्या दगडात शोधायला लावावा. पुढचा तासभर मी याच एका म्हणण्याची बाजू मांडणार आहे.

आज हा पाठ कसा शिकवला जातो ते आपण सगळे जाणतो. सहावीच्या भूगोलात खडकांचे प्रकार येतात. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित. प्रत्येकाची दोन-दोन उदाहरणे: बेसाल्ट आणि ग्रॅनाइट, वाळूचा खडक आणि चुनखडक, संगमरवर आणि पाटीचा दगड. मग एक वर्तुळ, त्यावर बाण आणि खाली शीर्षक, ‘खडकचक्र’. मुले ती आकृती छान काढतात, गुणही मिळवतात. त्याच मुलाच्या हातात शाळेच्या कुंपणाबाहेरची खडी ठेवून विचारावे, “हा कोणता खडक? कशावरून म्हणतोस?” बहुतेक वेळा उत्तर येत नाही. दोष मुलाचा नाही. आपण त्याला उत्तरे दिली. ती ज्या प्रश्नांची होती, ते प्रश्न त्याच्या मनात कधी उठूच दिले नाहीत.

महाराष्ट्रात हे घडावे याचे मला फार वाईट वाटते. जगातल्या सर्वांत मोठ्या लाव्हा-प्रदेशांपैकी एकावर आपली बहुसंख्य मुले राहतात. दख्खनच्या लाव्ह्याने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. मुंबईपासून नागपूरपर्यंत माणूस रेल्वेने जातो, तेव्हा जवळजवळ सारा प्रवास याच काळ्या दगडावरून होतो. आणि आपल्या मुलांना ज्वालामुखी म्हटले की आठवतो तो जपानचा फुजियामा.

तेव्हा सुरुवात कुठून करावी? माझ्या मते घरातून. पाटा-वरवंटा, जाते, खलबत्ता हे आपल्याकडे बहुधा बेसाल्टचे. जुन्या घरातली फरशी शहाबादी, म्हणजे कर्नाटकातला चुनखडक. स्वयंपाकघरातली फळी कडप्प्याची, तोही चुनखडकच, आंध्रातला. ओटा ग्रॅनाइटचा. देवघर मकराण्याच्या संगमरवराचे. आजोबांची पाटी जपून ठेवलेली असेल तर तो पाटीचा दगड. उपासाला वापरतो ते सैंधव म्हणजे जमिनीखालच्या थरांतून काढलेले मीठ, एक खनिज. अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित असे तिन्ही खडक बहुतेक घरांत आधीच हजर आहेत.

आता या वस्तूंना प्रश्न विचारायचे. कडप्प्याच्या टाकाऊ तुकड्यावर खिळ्याने खरवडून थोडी पूड करावी, त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत आणि भिंगातून बघावे. बारीक बुडबुडे उठतात. शहाबादीवरही उठतात, संगमरवरावरही. ग्रॅनाइटवर काही होत नाही, पाट्याच्या दगडावरही नाही. लिंबू सांडले की देवघराच्या संगमरवरावर डाग का पडतो, हे घरातल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक असलेले कोडे मुलाला इथे सुटते. चुनखडक आणि संगमरवर दिसायला इतके वेगळे, तरी दोघांचा गुण एकच. मग यांचे काही नाते असेल का? हा प्रश्न मुलाने विचारला, की रूपांतरित खडकाचा पाठ तिथेच सुरू झाला. चुनखडक खोलवर गाडला जातो, उष्णता आणि दाब सोसतो, आणि न वितळता, घन अवस्थेतच, त्याचे कण नव्याने वाढून संगमरवर होतो. ‘न वितळता’ हे दोन शब्द शिक्षकांनी ठासून सांगावेत. रूपांतर म्हणजे वितळणे अशी समजूत पदवीच्या वर्गापर्यंत टिकून राहिलेली मी पाहिली आहे.

खडक आणि खनिज यांतला फरकही व्याख्येने कळत नाही, ग्रॅनाइटच्या ओट्याकडे पाहून कळतो. गुलाबी किंवा पांढरट दाणे फेल्स्पारचे, काचेसारखे करडे दाणे क्वार्ट्झचे, चमकणाऱ्या काळ्या चकत्या अभ्रकाच्या. एका दगडात तीन खनिजे, डोळ्यांना दिसणारी. एक सावधगिरी मात्र हवी. बाजारात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून जो काळा दगड मिळतो तो बहुधा ग्रॅनाइट नसतो, डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. व्यापाराची नावे वेगळी आणि शास्त्राची वेगळी असतात, हेही मुलांना इथेच सांगून टाकावे.

मग पाट्याकडे वळावे. यात दाणे का दिसत नाहीत? बेसाल्टमध्येही खनिजे आहेत: प्लॅजिओक्लेज फेल्स्पार, पायरॉक्सीन, मॅग्नेटाइट. पण इतकी बारीक की सूक्ष्मदर्शक लागतो. कारण निवण्याच्या वेगात आहे. साखरेचा दाट पाक सावकाश, दिवसेंदिवस ठेवला तर खडीसाखरेचे मोठे खडे बनतात. तोच पाक भराभर घोटून थंड केला तर पिठीसारखे बारीक कण. खडकाचे तसेच. सुमारे अकराशे-बाराशे अंश सेल्सियसचा लाव्हा जमिनीवर येऊन लवकर निवला, म्हणून बेसाल्टचे कण बारीक. धुळे-नंदुरबारकडे याच शिलारसाने भेगा भरल्या, तिथे तो थोडा सावकाश निवला. भेगांत घडलेल्या त्या भिंतींसारख्या दगडाचे कण जरा मोठे. ग्रॅनाइट कित्येक किलोमीटर खोल, लाखो वर्षे निवत राहिला, म्हणून त्याचे दाणे नजरेत भरणारे. दाण्याच्या आकारावरून मूल दगडाच्या जन्माची जागा सांगू लागते. नाव अजून सांगितलेले नाही, पण ‘कशावरून’ कळले आहे.

खनिजे ओळखायच्या कसोट्याही अशाच घरगुती ठेवता येतात. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ साली कठीणपणाचे दहा टप्पे ठरवले. पहिले शंखजिरे, दहावा हिरा. नखाचा कठीणपणा सुमारे अडीच, काचेचा साडेपाच, क्वार्ट्झचा सात. म्हणजे शंखजिऱ्यावर नखाने ओरखडा उठतो आणि गारगोटीने काचेच्या बाटलीवर उठतो. रांगोळीसाठी पूर्वी शिरगोळे नावाचे पांढरे दगड कुटत. आजची बाजारातली रांगोळी कशाची आहे? व्हिनेगर टाकून बघा, काचेवर घासून बघा. गेरू घराघरात होता. चिनी मातीच्या फरशीच्या खरखरीत मागच्या बाजूवर गेरूला तांबडा रंग देणारे लोहखनिज घासले तर तांबडी रेघ उमटते, मग वरून तो दगड काळा दिसो की करडा. नदीच्या वाळूतून लोहचुंबक फिरवला की काळे कण चिकटून येतात. ते मॅग्नेटाइट, आणि ते तिथे आले सह्याद्रीच्या बेसाल्टमधून. एक लोहचुंबक, एक भिंग, एक खिळा, एक फरशीचा तुकडा, बाटलीभर व्हिनेगर. कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेला एवढी प्रयोगशाळा परवडते.

ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा खडे, शिंपले, बिया, पाने हीच त्यांची साधने होती. मुलाच्या परिसरात जे आहे त्यातून शिक्षण उभे करावे, हा त्यांचा आग्रह. बालवाडीतला तो आग्रह आपण सहावी-सातवीपर्यंत का नेला नाही, हे मला कळत नाही.

आता वर्गाबाहेर पडू. कसारा, बोर, वरंध, आंबा, कुठलाही घाट चढताना रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराकडे मुलांना पाहायला लावावे. आडवे थर दिसतात. मुले लगेच म्हणतात, “थर आहेत, म्हणजे स्तरित खडक!” या उत्तराला चूक म्हणून थांबू नये, तो तर्क चांगलाच आहे, फक्त पुरावा अपुरा आहे. जवळ जाऊन पाहिले की कळते, या थरांत वाळूचे कण नाहीत, गोटे नाहीत. थराच्या माथ्याकडे भोके जास्त आहेत, मध्यभागी दगड घट्ट आहे. वाहत्या लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे वर चढले आणि वरचा भाग गोठताना तिथेच अडकले. म्हणजे प्रत्येक थर हा लाव्ह्याचा एक स्वतंत्र लोट. आणि कित्येक ठिकाणी दोन लोटांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. तो खालच्या लोटाच्या माथ्यावर हवा-पाण्याने बनलेला. पुढच्या लोटाने त्याला झाकून भाजून काढले. या तांबड्या पट्ट्यात मला खडकचक्राचा सगळ्यात स्पष्ट धडा दिसतो. लाव्हा आला, थांबला. पाऊस पडला, दगड कुजला, माती झाली. मग पुन्हा लाव्हा आला.

सह्याद्रीचा पायऱ्यांसारखा आकारही इथेच उलगडतो. घट्ट दगडाचा कडा उभा राहतो, भोकांचा दगड लवकर झिजून उतार आणि सपाट्या बनतात. ज्या कड्यांवर आणि माच्यांवर आपले गड उभे आहेत, ते याच झिजेने घडवले. इतिहासाच्या सहलीला मुले राजगडावर जातात. तिथे दहा मिनिटे कड्याकडे बघत थांबले, तर भूगोलाचाही पाठ होतो. आणि सह्याद्री म्हणजे घड्या पडून उंचावलेला हिमालयासारखा पर्वत नव्हे, तर पठाराची झिजलेली कड आहे, हेही तिथेच पटते.

दगडातली भोके नेहमी रिकामी राहिली नाहीत. पुढे गरम पाणी त्यांतून झिरपले आणि विरघळलेले पदार्थ भोकांच्या भिंतींवर स्फटिक होऊन बसले. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट, त्यांच्यासोबत अ‍ॅपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोटी, अकीक. पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या भागांतल्या खाणींतले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते आपल्यालाही पाहता येतात. मुलांना एकच प्रश्न विचारावा: आधी भोक की आधी स्फटिक? उत्तर सोपे आहे, पण ते देताना मूल घटनांचा क्रम लावते. भूशास्त्रातली अर्धी विद्या क्रम लावण्याची आहे.

पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचे गडद निळे खनिज मिळाले. जगातले त्याचे सर्वोत्तम नमुने तिथलेच. त्याच वाघोलीच्या परिसरात खाणकामगारांच्या मुलांसाठी पाषाण शाळा सुरू झाल्या, कारण ती मुले शाळेपासून दूर राहिली होती. मला वाटते, दगडाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने ही दोन सत्ये एकत्र लक्षात ठेवावीत. दगड फोडणाऱ्या वडार समाजाला, पाथरवटाला, जात्याला टाकी लावणाऱ्या कारागिराला दगडाचे जे ज्ञान आहे ते खरे ज्ञान आहे. कुठला दगड पाट्याला चालेल, कुठला ठोकल्यावर बद्द वाजतो, चिरा कुठल्या रेषेने फुटेल हे त्यांना कळते. शाळेने अशा माणसाला सन्मानाने वर्गात बोलवावे, त्याच्या हातात दगड द्यावा आणि मुलांना ऐकू द्यावे. त्याच्या घरातले मूल त्या वर्गात बसलेले असेल, तर त्या दिवशी त्याला आपल्या बापाच्या विद्येचा अभिमान वाटेल.

कोकणातल्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याच्या घराच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, विहीर जांभ्याची, सडा जांभ्याचा. पाठ्यपुस्तकातल्या तीन खान्यांपैकी जांभा कुठल्या खान्यात बसतो? हा प्रश्न मुलाने विचारला तर शिक्षकाने घाबरू नये. मुसळधार पाऊस आणि उष्ण हवेत दगड लाखो वर्षे कुजत राहिला. सिलिका, कॅल्शियम, सोडियम वाहून गेले. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे उरले. त्या उरलेल्याचा हा तांबडा, सच्छिद्र दगड. ताजा कापताना मऊ असतो, उघड्यावर ठेवला की कठीण होतो, म्हणून चिरे काढता येतात. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारातल्या अशाच दगडाचे वर्णन करून त्याला शास्त्रात जागा दिली. तो जागच्या जागी, झिजेतूनच घडला. तीन खाने माणसाने आपल्या सोयीसाठी केले, निसर्ग त्यांच्या बाहेरही काम करतो, हे मुलाला आपल्या घराच्या भिंतीवरून कळले तर त्याहून चांगला विज्ञानाचा पाठ कुठला? याच सड्यांवर प्राचीन माणसाने कातळशिल्पे कोरली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या काशेळीचा भव्य हत्ती आपल्याला परिचित आहे. माणसाने कोरण्यासाठी हा दगड का निवडला असेल, हाही दगडाच्या गुणांचाच प्रश्न आहे.

देशावरच्या मुलाला त्याच बेसाल्टची दुसरी परिणती दिसते: काळी रेगूर जमीन. एकच मूळ दगड, कोकणात जांभा, देशावर काळी माती. फरक पावसाचा आणि निचऱ्याचा. काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. बेसाल्टमधून सुटलेल्या कॅल्शियमचे ते खडे कमी पावसाच्या प्रदेशात मातीतच बसले. शेतकऱ्याच्या मुलाने हे खडे वर्गात आणावेत, व्हिनेगर टाकावे, आणि कडप्प्याची आठवण करावी.

मग गोदावरी. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी ही नदी बेसाल्टचा चुरा वाहत राजमहेंद्रीपलीकडे बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते. तिथे गाळावर गाळ साचतो, दाबला जातो, खडक होऊ लागतो. नाशिकच्या मुलाच्या गावचा दगड आज आंध्रच्या त्रिभुज प्रदेशात स्तरित खडक होण्याच्या वाटेवर आहे. ज्यांना कोकणचा किनारा जवळ आहे त्यांना स्तरित खडकाचे अगदी तरुण रूप पाहता येते. वाळू आणि शंख-शिंपल्यांचा चुरा चुन्याने सांधला जाऊन किनाऱ्यावर दगड बनलेला असतो, आणि त्यात शिंपले ओळखू येतात. रत्नागिरीला रत्नदुर्गाच्या एका बाजूला काळी वाळू आणि दुसऱ्या बाजूला पांढरी, म्हणून तिथे ‘काळा समुद्र’ आणि ‘पांढरा समुद्र’ अशी नावे. दोन्ही वाळू कागदावर घेऊन लोहचुंबक आणि व्हिनेगर लावले, की कुठली खडकांतून आली आणि कुठली शिंपल्यांतून, याचा उलगडा मुले स्वतः करतात.

पुरावा केवळ खेड्यात असतो असे नाही. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, सुमारे साठ मीटर उंच, बेसाल्टच्या उभ्या बहुकोनी खांबांची. लाव्हा निवताना आकसला, भेगा पडल्या, त्या भेगा खोल जात राहिल्या आणि खांब बनले. आज चारही बाजूंनी इमारतींनी ती वेढली आहे. वरळीच्या टेकडीत लाव्ह्याच्या दोन लोटांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले. म्हणजे लाव्हा थांबला होता, तळे झाले होते, त्यात बेडूक होते. मुंबईच्या मुलाला हे कुणी सांगितले आहे?

विदर्भाच्या मुलांकडे तर आणखी जुनी पाने आहेत. चंद्रपूर, वणी, उमरेडचा कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा, गोंडवन नावाच्या प्राचीन खंडाच्या काळातला. या प्राचीन खंडाचे नाव जगभर ज्या गोंडवनावरून पडले, तो प्रदेश आपल्या विदर्भाला लागून आहे. चंद्रपूरजवळ इरई इथे चुनखडकावर हिमनदीने घासलेले ओरखडे एकोणिसाव्या शतकात नोंदले गेले. उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापणाऱ्या गावांपैकी एक असलेल्या चंद्रपुरात एकेकाळी बर्फ सरकत होता! भंडाऱ्याच्या मँगनीजच्या खाणी रूपांतरित खडकांतल्या. आणि नागपुरात शाळा चालवणाऱ्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने परिसरातले जीवाश्म गोळा करून १८५५ मध्ये, एका सहकाऱ्यासह, तिथल्या भूरचनेवर निबंध प्रसिद्ध केला. शिकवणाऱ्या माणसाने आपल्या गावचे दगड वाचले, त्याचे हे आपल्याच भूमीवरचे उदाहरण. दुसरे उदाहरण दाराशॉ नौशेरवान वाडिया यांचे. जम्मूच्या महाविद्यालयात शिकवताना ते विद्यार्थ्यांना डोंगरांत नेत. भारताच्या खडकांवरचा त्यांचा ग्रंथ १९१९ साली आला आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला.

इथे काळाचा प्रश्न येतो, आणि खडकचक्र शिकवताना हीच खरी अवघड जागा आहे. आकृतीतल्या बाणाला लांबी नसते. ‘दगडाची माती होते’ हे वाक्य मुलाला एका पावसाळ्याचे वाटते. यावर एक उपाय मी सुचवतो. मैदानावर दोरी धरावी आणि एक मिलिमीटर म्हणजे हजार वर्षे मानावीत. शिवराज्याभिषेक सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतका दूर. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी दोन मिलिमीटरच्या थोडे पलीकडे. आधुनिक मानव सुमारे तीस सेंटिमीटरवर. दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ६६ मीटरवर, मैदानाच्या टोकाला. चंद्रपूरचा कोळसा पाव किलोमीटरच्या पलीकडे. आणि पृथ्वीचा जन्म साडेचार किलोमीटरवर, शेजारच्या गावात. मुलांनी हे अंतर चालून जावे. पायांनी मोजलेला काळ विसरला जात नाही.

माणसाची काळाची ही जाणीव फार जुनी नाही. स्कॉटलंडचे जेम्स हटन शेती करत असत. शेतातली माती पावसाने वाहून जाते, तरी जमीन संपत कशी नाही, या प्रश्नाने त्यांना पछाडले. १७८५ मध्ये त्यांनी आपला सिद्धान्त एडिंबरोला मांडला: जुनी जमीन झिजून समुद्रात जाते, तिथे नवे खडक होतात, पृथ्वीच्या आतल्या उष्णतेने ते पुन्हा वर येतात. १७८८ मध्ये सिकार पॉइंट या किनाऱ्यावर त्यांनी उभे झालेले जुने थर आणि त्यांच्यावर थोडा उतार असलेले तांबडे थर पाहिले. खालचे थर साचायला, उभे व्हायला, झिजायला, आणि मग वरचे साचायला किती काळ लागला असेल, याचा अंदाज तिथे उभे राहून बांधता येत होता. खडकचक्राच्या कल्पनेचा जन्म असा एका शेतकऱ्याच्या प्रश्नातून झाला आहे. ज्या महाराष्ट्रात माती वाहून जाण्याचे दुःख प्रत्येक शेतकरी जाणतो, तिथे हा पाठ या प्रश्नापासून का सुरू करू नये?

आणि चक्र म्हटले की ठरलेला क्रम आलाच, असे मुलांना वाटते. तसे नाही. अग्निजन्य खडक झिजू शकतो, गाडला जाऊन रूपांतरित होऊ शकतो, किंवा कोट्यवधी वर्षे तसाच राहू शकतो. हे सारे चालवणाऱ्या शक्ती दोन. सूर्याची उष्णता पाऊस पाडते, नद्या वाहवते, झीज घडवते. पृथ्वीच्या पोटातली उष्णता खडक वितळवते, उचलते, दाबते. या दोन शक्ती समजल्या की बाण पाठ करावे लागत नाहीत. मूल ते स्वतः काढते.

काही जण म्हणतील, एवढे सारे कशासाठी? याचे उत्तर आपल्या अलीकडच्या इतिहासात आहे. ११ डिसेंबर १९६७ ला भूकंपाने कोयना हादरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाली. पुढे किल्लारीला विंधन घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्टखाली गाळाचा पातळ थर आणि त्याखाली अतिप्राचीन खडक मिळाला. कोयना भागात तो काळा दगड सुमारे ९३० मीटर जाडीचा निघाला. ज्या जमिनीला आपण अढळ मानतो, तिच्या खाली काय आहे हे कळायला ही संकटे यावी लागली. दरडी कोसळून २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इरशाळवाडी गाडली गेली. सह्याद्रीच्या उतारांवर कुजलेल्या दगडाचा आणि मातीचा थर घट्ट दगडावर बसलेला असतो; अतिवृष्टीत त्यात पाणी मुरले की तो सुटू शकतो. डोंगराला पडणारी नवी भेग, अचानक गढूळ झालेला झरा, तिरके झालेले झाड यांचा अर्थ गावातल्या मुलाला कळत असेल, तर ते मूल घरच्यांना वेळेवर सावध करू शकेल. विहीर कुठे लागेल हाही खडकाचाच प्रश्न आहे. भोकांच्या, भेगांच्या आणि कुजलेल्या बेसाल्टमध्ये पाणी मुरते, घट्ट बेसाल्टमध्ये मुरत नाही. जलसंधारणाच्या प्रत्येक कामामागे हे ज्ञान आहे.

आता मी काही ठोस मागण्या करतो. शिक्षकांना माझी विनंती आहे की प्रत्येक शाळेत गावच्या दगडांची एक पेटी असावी. शहरातून विकत आणलेल्या नमुन्यांची नको, मुलांनी गोळा केलेल्यांची. प्रत्येक दगडासोबत चिठ्ठी असावी: कुठे सापडला, कसा दिसतो, कोणत्या कसोट्या केल्या, आणि त्यावरून काय वाटते. नाव चिठ्ठीच्या तळाशी, पेन्सिलीने, म्हणजे बदलता येईल. लहान मुलांनी केवळ वर्गवारी करावी, रंग, वजन, खरखरीतपणा यांवरून. चौथी-पाचवीत कसोट्या याव्यात. सहावी-सातवीत घटनांचा क्रम, काळ आणि चक्र यावे. खाणीत किंवा घाटात नेताना वाहनांपासून, सुट्या दगडांपासून मुलांना लांब ठेवावे, दगड फोडायचा असेल तर मोठ्यांनी फोडावा आणि डोळ्यांना चष्मा असावा. जिथे दगड हा ठेवा आहे तिथे हातोडा चालवू नये, मग तो गिल्बर्ट हिल असो, कातळशिल्प असो की लोणारचे विवर. बेसाल्टमध्ये उल्कापाताने बनलेले लोणारसारखे विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे, त्याचा तुकडाही खिशात येऊ नये.

पाठ्यपुस्तक घडवणाऱ्यांना माझी विनंती आहे की साऱ्या महाराष्ट्रासाठी एकच आकृती पुरेशी नाही. कोकणची, देशाची, खानदेशाची, मराठवाड्याची आणि विदर्भाची मुले वेगवेगळ्या दगडांवर उभी आहेत. प्रत्येक विभागाच्या पुस्तकात त्या भागाची दोन पाने असावीत. परीक्षकांना विनंती आहे की ‘खडकांचे प्रकार सांगा’ हा प्रश्न बाजूला ठेवून कधीतरी एका दगडाचे वर्णन द्यावे आणि विचारावे, याच्याबद्दल काय सांगता येईल आणि कशावरून? त्याला एकाहून अधिक योग्य उत्तरे असू शकतील. तर्क नीट असेल तर गुण द्यावेत.

आणि पालकांना माझे सांगणे इतकेच. मूल खिशात खडा घेऊन घरी येईल. तो फेकून देऊ नका. त्याला विचारा, हा इथे कसा आला असेल? उत्तर तुम्हाला ठाऊक नसेल तरी चालेल. दोघे मिळून शोधा. पुराव्यावर विश्वास ठेवणारा, घाईने निष्कर्ष न काढणारा, आणि आपल्या भूमीचा इतिहास माणसाच्या इतिहासाहून कितीतरी लांब आहे हे ओळखणारा नागरिक घडवायचा असेल, तर त्यासाठी लागणारे साहित्य या राज्यातल्या प्रत्येक गावात पडून आहे. ते उचलून वर्गात आणण्याचे काम आपले आहे, आणि ते येत्या सत्रातच सुरू करता येईल.